शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि खचलेलं मन यांची जबाबदारी घ्या : पुण्यातील रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातील खासगी व सार्वजनिक रुग्णालयांचे व्यवस्थापक,
शस्त्रक्रिया करणारे सर्व डॉक्टर,
आणि पुणे महानगरपालिकेचा आरोग्य विभाग

सविनय नमस्कार.

मी पुण्यातली एक निवृत्त शिक्षिका. शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात माझ्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि ज्या डॉक्टरांनी ती केली त्यांची मी ऋणी आहे. त्याच रुग्णालयात घरी गेलेल्या रुग्णांना फोन करून विचारपूस करणाऱ्या एक सिस्टर होत्या. परवा तपासणीला गेले तेव्हा काउंटरवर कळलं की ते काम आता बंद केलं आहे. त्याऐवजी रुग्णाच्या मोबाइलवर एक संदेश जातो, आणि त्यात आमच्या सेवेला किती तारे द्याल एवढंच विचारलेलं असतं.

रुग्णालयाचं नाव मी घेत नाही. ओळखीपाळखीत चौकशी केली तेव्हा समजलं की बऱ्याच ठिकाणी असं विचारणारं माणूस कधी नव्हतंच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे कसे गेले ते सांगते. दिवसा माणसांची ये-जा असायची, फिजिओथेरपिस्ट यायच्या, वेळ निघायचा. रात्री घर झोपलं की ठणका सुरू व्हायचा. पाय लांब केला तरी नको, दुमडला तरी नको. मांडीपासून पोटरीपर्यंत ओढ लागायची. टाक्यांच्या एका बाजूची कातडी बधिर, तर दुसऱ्या बाजूला चादरीचा स्पर्शही सोसवत नसे. झोप तुकड्यातुकड्यांनी व्हायची आणि सकाळी अंगात त्राण नसायचं. मग व्यायाम नको वाटायचा, व्यायाम टाळला की गुडघा आखडायचा, आणि आखडलेला गुडघा रात्री दुप्पट दुखायचा.

या सगळ्यात मन कधी खचत गेलं ते कळलंच नाही. जेवणाची वासना गेली. एरवी ज्या जुन्या विद्यार्थिनींची मी वाट पाहते, त्या भेटायला आल्या की कधी एकदा जातील असं व्हायचं. दुपारी एकटी असताना कारण नसताना रडू यायचं. आपण घरावर भार झालोय, ऑपरेशनच्या टेबलावरच संपलो असतो तर बरं झालं असतं, इथवर विचार गेले. मुलगा म्हणायचा, "आई, एक्स-रे किती छान आलाय बघ." सून बिचारी रजा काढून राबत होती. त्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने? असे विचार येणारी मी एकटी नाही हे मला पुढे कळलं. ते आधीच कुणी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. म्हणून हे उघडपणे लिहिते आहे.

त्या दिवसांत त्या सिस्टरांचा फोन आला. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, रात्री झोप लागते का, शौचाला होतं का, जेवण जातं का, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी, मन कसं आहे?" मला रडूच फुटलं. त्यांनी घाई केली नाही. दुखणं असह्य होईपर्यंत वाट पाहू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला गोळी घ्या, व्यायामाच्या अर्धा तास आधीची वेळ साधा, असं त्यांनी समजावलं. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, उशी गुडघ्याखाली न घेता टाचेखाली घ्या, नाहीतर गुडघा वाकडा राहतो, हेही सांगितलं. मग त्यांनी स्वतः डॉक्टरांशी बोलून मला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. काही महिने औषध घेतलं, बोलायला जात राहिले. झोप परत आली, तशी दुखण्याची धारही उतरली. आज मी जिना चढते, मंडईत जाऊन भाजी आणते. त्या फोनने मला वाचवलं असं मी म्हणते, ते अक्षरशः खरं आहे. तो फोन आता पुढच्या रुग्णाला येणार नाही, आणि हे मला गप्प बसून पाहवत नाही.

माझं मुख्य म्हणणं असं आहे. पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणूस टाके निघेपर्यंत वॉर्डात असायचा. आता बरेच जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातात. याला माझा विरोध नाही. लवकर हालचाल झाली की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी होतो, रुग्णालयातला जंतुसंसर्ग टळतो, खर्चही वाचतो. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. पण त्यांच्या मांडणीत रुग्णाला आधीच सगळं समजावून सांगणं होतं, एकाच औषधावर न विसंबता निरनिराळ्या उपायांनी वेदना ताब्यात ठेवणं होतं, लवकर खायला देणं आणि लवकर चालवणं होतं. हे सगळं नीट केल्यावर माणूस लवकर घरी जाण्याजोगा होतो. आपल्याकडे लवकर घरी पाठवणं तेवढं सर्रास सुरू झालं, बाकीचं जिथल्या तिथे राहिलं. ज्या रात्री पूर्वी वॉर्डात बेल दाबली की कुणीतरी यायचं, त्याच रात्री आता सदाशिव पेठेतल्या वाड्यात, हडपसरच्या दोन खोल्यांत आणि वाघोलीच्या बाराव्या मजल्यावर काढल्या जातात. रुग्ण घरी गेला, तशी तुमची जबाबदारीही त्याच्यामागून घरापर्यंत जायला हवी.

मनाचं दुखणं वेगळं, शरीराचं वेगळं, असं समजून हा विषय टाळला जातो. वैद्यकशास्त्र तसं मानत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या 2020 मध्ये सुधारली, त्यातही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा एकत्र अनुभव मानला आहे. झोप मोडली की वेदना जास्त जाणवते, वेदनेने मन उतरतं, आणि उतरलेल्या मनाला तीच वेदना अधिक बोचते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत स्वतंत्र जागा आहे. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर साधारण दहा ते वीस टक्के लोकांना असं लांबलेलं दुखणं राहतं. स्तनाच्या, छातीच्या, हर्नियाच्या शस्त्रक्रियांनंतरही नस दुखावून ते राहू शकतं. हृदयाच्या बायपासनंतर नैराश्य येणाऱ्यांची संख्याही मोठी आहे, आणि हृदयरुग्णांना त्याबद्दल विचारावं अशी सूचना अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्येच केली. हे सगळं तुम्ही शिकला आहात. आम्हाला ते कुणी सांगत नाही.

आता माझ्या तक्रारी.

शस्त्रक्रियेआधी आम्ही ज्या संमतिपत्रावर सही करतो त्यात रक्तस्राव, भूल, जंतुसंसर्ग, मृत्यू हे सगळं छापलेलं असतं. पुढचे काही आठवडे रात्री झोप लागणार नाही, मन उदास होऊ शकतं, काहींचं दुखणं महिनोनमहिने राहतं, हे त्यात मला दिसलं नाही आणि कुणी तोंडीही सांगितलं नाही. "दोन महिन्यांत पळायला लागाल" असं मात्र सांगितलं जातं. मग दोन महिन्यांनी काठी घेऊन चालणाऱ्या बाईला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. टीडीएस, बीडी, एसओएस अशी अक्षरं. माझं एक वेळ भागेल, मुलगा शिकलेला आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्यांनी ते कार्ड मेडिकलवाल्याकडे वाचायला नेलं. मेडिकलवाल्याच्या दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी, त्याने घाईत दोन वाक्यं सांगितली. अनेक रुग्णालयांच्या दारात एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, पाटी असते. त्याच मानकांमध्ये रुग्णाच्या वेदनेची नोंद घेणं आहे, तातडीची मदत केव्हा आणि कशी मिळवायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिणं आहे, आणि ते रुग्णाला समजेल असं सांगणं आहे. पुण्यात समजेल असं म्हणजे मराठीत, हे वेगळं सांगायला लागू नये.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे, कारण इथे दोन्ही बाजूंनी माणसं मार खातात. सवय लागेल या भीतीने कुणी गोळी घेतच नाही आणि दात-ओठ खात रात्र काढतो. दुसरा चिठ्ठी संपल्यावरही तीच गोळी मेडिकलमधून आणून महिनोनमहिने घेत राहतो. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अशा घेतल्या की पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं बिघडतात, आणि आमच्या वयाच्या बहुतेकांना रक्तदाब किंवा मधुमेह आधीच असतो. पॅरासिटामॉल साधी म्हणून लोक हवी तशी घेतात. मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर ती चालत नाही आणि सर्दीच्या गोळीतही तीच असते, हे किती जणांना सांगितलं जातं? ट्रॅमाडॉल ही अफूच्या वर्गातली जोरदार वेदनाशामक गोळी 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत आहे. नियंत्रण हवंच. पण ती लिहून देणाऱ्याने ती किती दिवस घ्यायची, कशी कमी करत आणायची, तिने बद्धकोष्ठ होतं त्यावर काय करायचं, हे सांगितलं पाहिजे. बरेच दिवस घेतल्यावर ती एकदम बंद केली तर घाम, घबराट, झोप उडणं असा त्रास होतो आणि माणसाला वाटतं आपल्याला वेड लागतंय. नैराश्याच्या काही औषधांबरोबर ती घेणं धोक्याचंही असतं. आधीची औषधं काय चालू आहेत हे विचारल्याशिवाय ती दिली जाऊ नये.

तपासणीच्या वेळी डॉक्टर एक्स-रे पाहतात, जखम पाहतात, गुडघा किती अंशात वाकतो ते मोजतात. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात हे मला दिसतं. तरीही रुग्ण डोळ्यांत पाणी आणून "दुखतंय" म्हणतो तेव्हा "सगळं नॉर्मल आहे" एवढंच उत्तर पुरेसं होत नाही. बारीक कारणंही असतात. शस्त्रक्रियेत रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. थायरॉइड असू शकतं. ब-12 जीवनसत्त्व कमी असलं तरी थकवा, मुंग्या, उदासी येते. या शाकाहारी घरांच्या शहरात ते कमी असणारे किती आहेत हे केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातच अभ्यास करून जगाला दाखवलं. रक्ताची एक तपासणी सांगायला फार वेळ लागत नाही.

सिझेरियन झालेल्या मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. त्यांच्या शस्त्रक्रियेला कुणी शस्त्रक्रिया धरतच नाही. पोटाचे सगळे थर शिवलेले, उठताना टाके ओढतात, खोकला आला तरी जीव जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी बाळाला पाजायचं. दूध येत नाही म्हणून सासू काळजीत, बारशाची यादी चालू, आणि ही रडते तर "बाळाच्या तोंडाकडे बघ" म्हणतात. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अंगावर पाजताना चालणारी औषधंही आहेत. बाळाच्या लसीच्या तारखा फाइलवर व्यवस्थित लिहिलेल्या असतात. आईच्या मनाची चौकशी कोणत्या तारखेला होणार, हेही त्याच फाइलवर लिहा.

पैशाचं शेवटी सांगते. केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्यात बसवायच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्याचा माझ्यासारख्या कितीतरी जणांना फायदा झाला. पण सांधा बसवल्यानंतर तो चालता करणाऱ्या फिजिओथेरपीचा खर्च, वेदनेच्या डॉक्टरांची फी, समुपदेशन हे पॅकेजच्या बाहेर राहतं. आयुष्मान भारत योजनेत घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस धरले आहेत. माझे वाईट दिवस त्याच्या पुढे सुरू झाले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 21 मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावं असं लिहिलं आहे. तरी रुग्णालयाच्या विमा-काउंटरवर हा हक्क कुणी समजावून सांगत नाही.

यातलं काहीही करायला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. माझ्या मागण्या अशा :

शस्त्रक्रियेच्या आधी, संमतिपत्र समोर ठेवताना, रुग्णाला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या एका माणसाला एकत्र बसवून पुढच्या आठवड्यांत दुखणं, झोप आणि मन यांचं काय होऊ शकतं ते मराठीत सांगा. नातेवाईक समोर असणं महत्त्वाचं आहे. "धीर धर" आणि "सकारात्मक राहा" याखेरीज काय बोलायचं हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं. ज्याला आधीपासून नैराश्य किंवा जुनाट दुखणं आहे, त्याची नोंद तेव्हाच करा, कारण त्याला पुढे जास्त त्रास होण्याची शक्यता असते.

डिस्चार्जबरोबर मराठीत एक पान द्या. कोणती गोळी कशासाठी, किती वाजता, किती दिवस, कशी कमी करायची. कोणतं दुखणं अपेक्षित आहे आणि कोणत्या लक्षणांवर लगेच निघायचं : पोटरी एकाएकी सुजून दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं, ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणं. आणि त्याच यादीत, तितक्याच मोठ्या अक्षरांत, जीव नकोसा वाटणं.

ज्याने रुग्णाला ओळखावं असं एक माणूस नेमा. पहिल्या आठवड्यात, टाके काढल्यावर आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याने फोन करावा. जगभर वापरले जाणारे दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या गोष्टींतला रस किंवा आनंद कमी झाला का? उदास, निराश वाटलं का? असं किती दिवस वाटलं त्यावरून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे, आणि दोन्हींना मिळून सहापैकी तीन किंवा अधिक गुण आले तर पुढची विचारपूस करायची. हे विचारायला सिस्टरांना पाच मिनिटं लागतील. ज्या रुग्णालयाने हे काम बंद केलं त्याने ते पुन्हा सुरू करावं. रात्रीही माणूस उचलेल असा एक क्रमांक द्यावा.

तीन महिन्यांनंतरही ज्याचं दुखणं राहिलं आहे त्याला "आता सवय करून घ्या" म्हणून परत पाठवू नका. भूलतज्ज्ञांपैकी अनेकांनी वेदना-उपचाराचं शिक्षण घेतलेलं असतं. त्यांची आठवड्यातून एक ओपीडी ठेवा, आणि तिथेच मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक बसवा. वेगळ्या इमारतीत, वेगळ्या पाटीखाली पाठवलं की आमच्या पिढीची माणसं जात नाहीत. पुण्यात अजूनही मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की घरात कुणीतरी येरवड्याचा उल्लेख करतंच. गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या ओपीडीच्या शेजारची खोली असेल तर लोक सहज जातील.

महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती अशी. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी तुमच्याकडे होते. 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं आहे. नूतनीकरणाच्या वेळी मराठी डिस्चार्ज-पान आणि घरी गेलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्याची सोय आहे का, एवढं विचारायला सुरुवात करा. आणि पालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी व मनासाठी ओपीडी सुरू करा, म्हणजे ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांनाही दार मिळेल.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता त्याच दिवसांतून जात असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसालाही आजच सांगा. आणि पुढच्या तपासणीला दुखणं, झोप आणि मन यांचं दोन ओळींचं टिपण कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. बोलताना धीर सुटतो, कागद राहतो.

व्यवस्थापक महोदय, वरीलपैकी काय तुमच्याकडे आधीपासून चालू आहे, काय करणार आहात आणि केव्हापासून, याचं उत्तर मला खासगीत नको. तुमच्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात, रुग्णहक्कांच्या सनदेशेजारी, मराठीत लावा. जी रुग्णालयं लावतील त्यांची नावं मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आणि महिला मंडळात आनंदाने सांगेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे